डाव्या तळव्यातलं शिंग

मंगळवार, संध्याकाळ. अर्विंग.

आज कामावर, आर्ट गॅलरीत, छताला लाल लोखंडी शिंगं टांगली. ही कला म्हणे. करणारी म्हातारी इटलीची. तिकडं नजर लागू नये म्हणून असलं शिंग बाळगतात. परवा गावाकडं आईचं ऑपरेशन, अन् माझा व्हिसा अडकलाय, इथनं निघता येत नाही, हे तिला माहीत. उरलेलं एक बारकं शिंग तिनं माझ्या डाव्या तळव्यात टोचून दिलं.

"दुखलं?"

नाही. खरंच काही वाटलं नाही. असं कसं?

आईला पोस्टानं पाठवू का, विचारलं. तर म्हणे, चालत नाही, आपल्या हातानं टोचून द्यायचं.

व्हिडिओवर आईला सांगितलं. "मग टोच की," म्हणत तिनं तळवा कॅमेऱ्यासमोर धरला.

"डावा गं, आई."

हसली. बदलला. मी टोचलं. टक्क वाजलं.

फोनच्या काचेवर चरा पडलाय. मघापासून त्यावरनं बोट फिरवतोय.