दादासाहेबांचा चातुर्मास

१२ जून १९६६, बुलढाणा

या गावाविरुद्ध माझी पहिली तक्रार आजच नोंदवून ठेवते, म्हणजे बाई मागाहून कुरकुरायला लागल्या असं कुणी म्हणायला नको. माझ्या खोलीत खुंट्या पाच, आणि पाचही छताला बिलगलेल्या. लुगडं टांगायचं तर ट्रंकेवर चढावं लागतं. मुलींना इंग्रजी शिकवायला आलेली पंचेचाळीस वर्षांची बाई परकरासाठी गिर्यारोहण करते, याची शिक्षण खात्याने गंभीर दखल घ्यावी.

बाकी सगळं झकास. हवा गार, शाळा हाकेच्या अंतरावर. घरमालक भगवंतराव कापसाचे जुने अडते. विधुर, कपाळावर बुक्का, बोलणं मोजकं आणि शेवटचं. त्यांची सून रुख्मिणी विशीतली. तिचा नवरा इंद्रभान मुंबईला गोदीत. आणि बैठकीतल्या हौदात दादासाहेब.

दादासाहेब हा मासा आहे. मूळ गाव ॲमेझॉन नदी, दक्षिण अमेरिका. इंद्रभानने तो कुठल्याशा खलाशाकडून घेऊन बरणीतून आणला, तेव्हा तळहातावर मावत होता. आता चार फुटांच्या वर आहे. पाठ काळी, पोट पांढरं, शेपूट कुंकवासारखी लाल, आणि मिशा आमच्या जुन्या हेडमास्तरांच्या. काचेची पेटी पुरेना तेव्हा गवंड्याकडून कंबरभर खोलीचा हौद बांधून घेतला, समोरची बाजू जाड काचेची. देऊळघाटाहून माणसं बघायला येतात. भगवंतराव बाजूला उभे राहतात, जणू हौदात तेच पोहताहेत.

मासेवाला कचरू रोज तळ्यातले जिवंत मासे आणून सोडतो. दादासाहेब तोंड उघडतात. मग मासा नसतो. चावणं नाही, झटापट नाही. मला फार आवडले.

२९ जून

आषाढी एकादशी. भगवंतरावांनी यंदा गळ्यात माळ घातली. मुलगा परत यावा म्हणून नवस बोललेत: घरातल्या एकूण एक जिवाने चातुर्मास पाळायचा. मी विचारलं, दादासाहेबांचं काय? तर म्हणाले, ‘तो काय रस्त्यावरचा हाय का, बाई? घरातलाच जीव हाय.’ कचरूला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी हौदात साबुदाण्याचे गोळे पडले. दादासाहेबांनी ते बुडताना पाहिले, मिशी हलवली नाही.

त्यातून यंदा अधिक श्रावण. म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा.

मी जेवताना हसत होते. रुख्मिणी हसेना. भांडी घासता घासता हळूच म्हणाली, ‘बाई, हौद तर मलेच धुवा लागते. आत उतरून.’

९ जुलै

हौदातून आवाज येतो. घशातून काढल्यासारखा, जाड, घुर्रर्र. भर दुपारी मी वह्या तपासत असताना आला. भगवंतराव म्हणतात, नामस्मरण करतो.

मोरीतली मांजरी दोन दिवस दिसली नाही. ती हौदाच्या कठड्यावर झोपायची. आज पाण्यावर केसांचा एक पुंजका होता. ‘गेली असंन कुठं,’ म्हणून भगवंतरावांनी तो गाळणीने काढला, हात धुतले आणि आरतीला बसले.

१४ जुलै

कचरूकडून चार मासे घेतले, पिशवीत घालून वर निबंधाच्या वह्या ठेवल्या. हौदाशी पोचलेच होते, तर भगवंतराव मागे उभे. साऱ्या घरात गोमूत्र शिंपडलं. मला म्हणाले, दुसरी खोली पाहा. मी म्हटलं, दिवाळीपर्यंतचं भाडं तुमच्या कनवटीला आहे आणि मी खोलीत आहे. दोन्ही तिथेच राहतील.

२१ जुलै

रुख्मिणी काल हौद घासायला उतरली. वर आली ती लंगडत. मासा आला आणि तिचं पाऊल तोंडात धरून नुसता थांबला, म्हणाली. ओढलं नाही. ‘मापून राह्यला होता, बाई.’

पाऊल पाहिलं. दात नाहीत, पण कानस फिरवल्यासारखं सोललंय.

भगवंतरावांना दाखवलं. म्हणाले, पाया पडला असंन. उपासानं तो सात्त्विक झाला, आता त्याले वासना नाई राह्यली. मी म्हटलं, मग तुम्हीच उतरा. तर त्यांचे गुडघे दुखतात.

२७ जुलै

उपाय सापडला, आणि तोही त्यांच्याच सोवळ्याच्या पेटीतला. रुख्मिणीला सांगितलं, बाहेरची हो. कोपऱ्यात बस, कशाला शिवू नकोस. विटाळात हौदाला हात लावायला कोण सांगणार! चार दिवस सुटली.

४ ऑगस्ट

रुख्मिणीला पुन्हा कोपऱ्यात बसवलं. काच हिरवी झाली आहे, मासा दिसत नाही. काचेशी उभं राहिलं की आतून मिशा टेकतात. मी जिथे उभी तिथेच. सरकले की सरकतात.

घाबरले नाही. टाचा गार पडल्या, एवढंच.

८ ऑगस्ट

भगवंतरावांनी पकडलं. महिन्यात दुसऱ्यांदा कोण बाहेरची होते, म्हणाले. नागपंचमीला माणसं येतील, काच लख्ख पाहिजे. उद्या शेगावला दर्शनाला जातात. परवा ती उतरणार, ते स्वतः कठड्याशी उभे राहणार. रुख्मिणी रडली नाही. तिने बांगड्या काढून माझ्याकडे ठेवायला दिल्या —

मी परत तिच्या हातात चढवल्या.

९ ऑगस्ट, सकाळ

भगवंतराव गेले. रुख्मिणीला धाड गावच्या गाडीत बसवलं, तिच्या आईकडे. वळून म्हणाली, ‘तुम्हीबी चला न, बाई.’ नाही. ती गेली तर भगवंतराव दुसरी कुणी मोलकरीण उतरवतील. हौदच कोरडा करायचा.

बूच तळाशी आहे. लाकडी.

दुपार

छत्रीच्या मुठीने ओढून पाहिलं. छत्री गेली. अख्खी —

मग कठड्यावर पालथी पडून डावा हात घातला. बूच निघालं. हात त्याने धरला होता, खांद्यापर्यंत. तोंड इतकं मऊ असेल असं वाटलं नव्हतं. पाय काचेला लावून ओढला. कातडं तिकडेच राहिलं. पंचा गुंडाळलाय, लाल —

पाणी उतरतंय. जा बाबा.

नंतर

थांबलं. वीतभर पाणी राहिलं आणि थांबलं. तो भोकावर पोट टेकून बसला आहे. पाठ उघडी, गिलावा पडल्यासारखी. घुर्रर्र. माझ्याकडेच बघतो.

दार वाजतंय. भगवंतराव लवकर आले. अंगणातली बादली लाथाडल्याचा आवाज. सुनेच्या नावाने ओरडताहेत, मग माझ्या. कडी आतून आहे. वाजवा.

त्याला भोकावरून हलवायला हवं. डावा उचलत नाही. उजवा आहे. म्हणजे लिहिणं —

त्याआधी एक. काल चहाला रुख्मिणीकडून वाटीभर साखर उसनी घेतली होती. रेशनची. भरली, शिगेपर्यंत. तिच्या फडताळात ठेवली, वर झाकण, मुंग्या लागू नयेत म्हणून. आता हा हात —