म्हातारीचं टोक

अंधेरी,
२० जुलै १९८६

ती. पुतळावहिनी यांस,

मधुकरचा नमस्कार. तुमचं कार्ड येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कामाचं कारण नाही. इकडे सगळे बरे आहेत. आमच्या हिचा खोकला गेला. होड्या वर ओढून झापांनी झाकल्यात. तुमच्या आईचे गुडघे आता कसे आहेत? ट्रॉम्बेला ओल फार, त्यांना जपा.

तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे. दादा त्या दिवशी प्यायला होता का? गावात तसं बोलतात, हे तुमच्या कानावर आलं असणारच.

परवा खाणीवर कॉलेजची मुलं आली होती. त्यांचे सर आपल्या गावदेवीच्या कड्यापुढे उभे राहून सांगत होते, हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. उसाची मोळी उभी करावी तसे ते खांब का झाले, तेही त्यांनी सांगितलं. मी बाजूला रजिस्टर घेऊन ऐकत होतो. आजोबा म्हणायचे, पूर्वी भरतीचं पाणी कड्याच्या पायाला लागायचं. खोटं नसावं. तिथे अजून खणलं की कालवांची शिंपं निघतात. आता समुद्र मैलभर मागे गेला आणि कडा अर्धा राहिला. बाकीचा खडी होऊन रस्त्यांखाली गेला.

जमिनीवरून बघणाऱ्याला त्यातलं काही जाणवत नाही. समुद्रातून जाणवतं. वरचं ते वाकलेलं टोक, आपली म्हातारी, बंदराजवळच्या ताडावर आली, दोन्ही एका रेषेत दिसली, की होडी सरळ आत घ्यायची. ताडाच्या डावीकडे दिसली तर पुढे खडक. हे दादाने मला सातव्या वर्षी शिकवलं. मी शाळेत गेलो आणि तो होडी चालवणारा तांडेल झाला, एवढाच आमच्यात फरक.

मी खाणीत कारकून झालो तेव्हा तो म्हणाला होता, "देवीच्या पाठीत सुरुंग लावणाऱ्याच्या हातचं पाणी नको मला." चार वर्षं बोलला नाही. मग गेल्या नारळी पुनवेला तुम्हीच मला जेवायला बोलावलंत. तुम्ही नारळीभात वाढत होतात. दादा मान वर न करता म्हणाला, "काय रे सायबा, आमची म्हातारी तरी ठेवनार का तिलाबी खानार?"

मी म्हणालो, "तिला कोण हात लावतंय?"

तो हसला. तुम्हाला म्हणाला, "वाढ गं त्याला, लाजतोय."

तुम्ही ते ऐकलंत. आठवत असेल.

वहिनी, म्हातारीला सोमवारी उडवायचं ठरलं होतं. त्या जेवणाच्या आदल्याच दिवशी रजिस्टरात मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं. चार वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता. ते ताट मोडावं असं वाटेना. म्हटलं, उद्या सकाळी सांगू. पहाटे मी गेलो तेव्हा होड्या निघून गेल्या होत्या.

बाकीच्या होड्या मंगळवारी उन्हात परतल्या. म्हातारी गेलेली त्यांना दिसली, त्या जपून आत आल्या. दादा बुधवारी संध्याकाळी आला, पावसाच्या झडीत, आणि त्याची होडी खडकावर फुटली. म्हणून गाव म्हणतं, सगळ्यांना दिसलं ते धोंडू तांडेलालाच कसं दिसलं नाही, प्यायला असणार.

त्या होडीतून पोहून आलेला सहदेव मला मे महिन्यात भेटला. मी त्याला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "थेंब नव्हता घेतला. तांडेल बोलला, म्हातारी ताडावर आयली, चल सीधा." मग मी त्याच्या होडीतून संध्याकाळी बाहेर गेलो. म्हातारी उडवल्यावर तिच्या उजव्या अंगाला एक टोक उरलंय. कमी उजेडात ते तसंच वाकलेलं दिसतं. ते ताडावर धरलं की होडी नेमकी खडकावर जाते. मलाही क्षणभर तीच वाटली, आणि मला तर ती नाही हे माहीत होतं.

दादा चुकला नाही. त्याने माझ्या शब्दावर होडी घातली.

यंदाच्या पुनवेआधी गावकीची बैठक आहे. तिथे उभा राहून मी हे सांगणार आहे, म्हणजे त्याच्या नावावरचं बोलणं थांबेल. नोकरी सोडलेली नाही, तेही सांगतो. पण तुम्हाला आधी कळायला हवं होतं. खरं तर अकरा महिन्यांपूर्वी.

वर्षश्राद्धाला तुम्ही याल. मी तिथे असावं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर मी बाहेरूनच नमस्कार करून जाईन.

दर पत्राखाली मी 'तुमचा दीर' असं लिहितो. या वेळी नुसतं नाव लिहितो.

मधुकर