आप्पांचा सोमवारचा वार

आप्पा, मी काल भाताच्या लावणीसाठी बेळगुंदीला आले होते. चिखलातून बाहेर येऊन बांधावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी तुमची एक गोष्ट काढली आणि माझा चहा पार निवून गेला.

ते साल तुम्हाला आठवत असेल. आई जाऊन बरेच दिवस झाले होते, तुमची ऐंशी उलटली होती आणि चुलीवरचं दूध तुमच्या हातून रोज उतू जायला लागलं होतं. तुम्हाला बेळगावला माझ्याकडे न्यायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं. खोली रिकामी केली, खडेबाजारातून नवी गादीही आणली. शाळेतून रजा काढून आले ती लावणीला, पण ती उरकली की विषय काढायचा असं ठरवूनच. तोंडानं काही बोलले नव्हते, तरी तुम्ही ओळखलं असणार.

सोमवार होता. सकाळी गल्लीतल्या बायका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन लावणीला निघाल्या आणि तुम्ही त्यांना दारातच अडवलंत. "आज वार न्हवं व्हय? शेतात पाय कोण घालतंय?" पण देवीचा वार असतो मंगळवारी. त्या दिवशी अख्खा गाव शेताकडे फिरकत नाही, औत जुंपत नाही. तुम्ही तो जन्मभर पाळलात आणि गल्लीकडून पाळून घेतलात. कुणाची म्हैस अडली, कुणाची सोयरीक मोडायला आली, की माणसं तुमच्या कट्ट्यावर यायची. तुमचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांच्यातली थोरली म्हणाली, "व्हय की आप्पा, आमीच इसरलो बघा." आणि सगळ्या माघारी फिरल्या. उपटून ठेवलेला भाताच्या रोपांचा तरवा तसाच राहिला.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. मंगळवारी तुम्ही खोळ घेऊन शेताला निघालात. वार मोडला असता, आणि तोही तुमच्या हातून! मी मागे धावणार तेवढ्यात काका कोपऱ्यावर आडवे आले. "आप्पा, पंचांनी आजबी वार धरलाय. औंदा दोन दिस पाळायचा म्हंत्यात." तुम्ही जरा थांबलात, "बरं केलं," म्हणालात आणि परत आलात. बुधवारी दुप्पट बायका आल्या, दुपारच्या आत लावण आटोपली, आणि तुम्ही बांधावर उभं राहून एकेकीच्या ओळी वाकड्या ठरवल्यात.

त्या संध्याकाळी मी बसनं एकटीच परतले. माझ्याकडे तुम्हाला सांभाळायला मी एकटी असणार होते, इथं अख्खी गल्ली होती. पुढची वर्षं तुम्ही त्याच कट्ट्यावर काढलीत. मी सुखी होते, आणि तुम्हीही असाल असं धरून चालले.

आता काका सांगतात, त्याच मंगळवारी तुम्ही त्यांच्या घरी गेला होता. "माझाच वार चुकला रं. पंचांनी काय सांगितलेलं न्हाय, कळतंय मला. पर लेकीला बोलू नगोस. घिऊन जाईल मला."

त्यानंतर मी कधीही आले, की तुम्ही कुऱ्हाड घेऊन अंगणात लाकडं फोडायला लागायचात. या वयात केवढा दम, म्हणून मी शाळेत सगळ्यांना कौतुकानं सांगायची. तुम्ही ते मला दाखवायला करत होता, हे मला काल कळलं.

हा कागद टाकणार तरी कुठं? पण मी तुम्हाला नेणार नव्हते, आप्पा. तुमचा वार चुकलाय हे मला सोमवारी सकाळीच कळलं होतं, तरीही त्या बुधवारनंतर नेणार नव्हते.