टकमक जेवत नाही

४ मार्च, मंगळवार
टकमकने आजही तोंड लावलं नाही. चौथा दिवस. सहा रातकिडे सोडले, सहाही जिवंत. एक तर तिच्या पायावरून चालत गेला, बाईसाहेब ढिम्म!

मुठीएवढा, माकडाच्या जातीतला जीव, आणि एकेक डोळा तिच्या मेंदूएवढा. मास्तर म्हणायचे, "देवाने आधी डोळे बनवले, मग उरलेल्या मातीत टार्सियर उरकलं." डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अख्खी मान फिरवते, थेट पाठीमागे. काळोखात फांदीवरची मुंगीसुद्धा दिसते तिला. पण समोरचा किडा नको.

मास्तर दवाखान्यात. घशाचं ऑपरेशन झालंय. अकरा वर्षं मला प्राणी सांभाळायला शिकवलं त्यांनी, टकमक रुसली की तिला कसं भरवायचं तेवढं राहिलं. "सांगून नाही येत ते, चिडके. बघत जा." मी कधी बघितलं नाही. म्हटलं, आहेत की ते.

५ मार्च
प्राणिसंग्रहालयाचे नवे साहेब आले. भर दिवसा दालनात काळोख बघून चपापले. समजावलं — इथले प्राणी निशाचर, आणि माणसं येणार दिवसा. म्हणून सकाळी नऊला दिवे मालवायचे, संध्याकाळी लोक गेले की लख्ख उजेड करायचा, मग प्राणी झोपतात. आमचं बोलणंही तसंच झालंय. दुपारी बाराला मास्तर म्हणणार, "मध्यरात्र झाली, डबा काढ."

साहेब हसले नाहीत. टकमककडे बघून म्हणाले, "काय गोड बघतंय!" गोड कसलं डोंबलाचं, उपाशी आहे ती.

६ मार्च
आठ ग्रॅम उतरली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस काढेल, फार तर.

७ मार्च, शुक्रवार
मास्तरांच्या मुलीला फोन केला. त्यांना बोलता येत नाही, वहीत लिहून दाखवतात. म्हटलं, टकमक जेवत नाही, काय करू तेवढं विचार.

संध्याकाळी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा तिचा फोन. "ताई, बाबांनी लिहिलंय — लिहून कळायचं नाही. उद्या रात्री ये, हाताने दाखवतो."

फोन ठेवला आणि रडले. बरं वाटलं म्हणून. मी उद्या जेवणाच्या सुट्टीतच धावत जाणार होते, पण ते रात्री म्हणालेत तर रात्री. दुपारी झोपत असतील बिचारे.

८ मार्च, शनिवार
आठला पोचले. पलंग रिकामा, गादीची वळकटी. मुलगी बाहेर बाकावर बसलेली.

चारला गेले.

"सकाळपासून दाराकडे डोळे होते, ताई. दोनदा लिहिलं, आली का? मी म्हटलं, बाबा, त्या रात्री येणार ना, अजून ऊन आहे. तर चिडलेच माझ्यावर. वही फेकून दिली. का चिडले, काही कळलं नाही."

मलाही कळलं नाही. तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार.

९ मार्च
टकमक गेली. मी तिचे डोळे मिटायला गेले, मिटेनात. डॉक्टर म्हणाले, "राहू दे आता." राहू दिले.

१० मार्च, सोमवार
सकाळी नऊला दिवे मालवले. साहेबांनी दारातून विचारलं, "झालं?"

"झाली रात्र," म्हटलं मी. आणि तिथेच खाली बसले.

मास्तरांनी हीच रात्र लिहिली होती. मी फोन घरी घेतला, म्हणून घरची धरली. शनिवारी त्यांच्या मध्यरात्री मी डबा खात होते.