न मोजलेली टाकी

प्रिय मासोळी,

हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस. धरणावर फोन लागत नाही, म्हणून ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतोय. तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंय. तू चिडशील. चीड, पण वाच.

इकडे आईचे गुडघे कुरकुरतात, आणि आईही. माझं विसरणं तू गेल्या वेळी पाहिलंसच. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. तेव्हा आपण दोघं हसलो होतो. आता मला हसू येत नाही.

दहा वर्षांची असताना तू पाणबुड्यांच्या टाक्या भरायच्या खोलीत स्टुलावर बसून मला भंडावून सोडायचीस. मी सांगायचो, मिश्रणातला प्रत्येक वायू खोलीतल्या भाडेकरूसारखा असतो, शेजारी कोण आहे याची पर्वा न करता आपापला दाब देतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे काट्यावरचा आकडा. दोनशे बार दाबाच्या टाकीत बत्तीस टक्के ऑक्सिजन हवा, तर त्याचा वाटा चौसष्ट बार. मग आधी चौसष्ट ऑक्सिजन भरायचा आणि वर साधी हवा, असं तू टेचात म्हणालीस. मामा पोट धरून हसला. अगं शहाणे, हवेतही ऑक्सिजन असतो, तो काय बाहेर चपला सांभाळत बसणार? त्याला धरून हिशेब केला तर आधी भरायचा फक्त अठ्ठावीस. त्यानंतर तू कधी चुकली नाहीस.

आपल्या धंद्यातला नियम तुला पाठ आहे. भरणाऱ्याने भरायचं, पाणबुड्याने त्यातला ऑक्सिजन स्वतः मोजायचा आणि आकडा पट्टीवर लिहून टाकीला चिकटवायचा. पण मामा म्हणायचा, दाजींनी भरलंय, त्यात मोजायचं काय? न मोजताच बत्तीस लिहून मोकळा व्हायचा. पोहणं त्याच्याकडून शिकलीस, तशी ही खोडही त्याचीच उचललीस. आणि मी मूर्ख, मला त्याचा अभिमान वाटायचा.

सोमवारी तुझ्या चार टाक्या घाईत भरल्या. गाडी दारात भोंगा वाजवत होती. आज सकाळी खोलीतला हिशेबाचा फळा पुसायला गेलो, तर माझ्याच अक्षरात खडूने लिहिलं होतं: ऑक्सिजन चौसष्ट. खाली हवा, दोनशेपर्यंत. किती टाक्यांत तसं भरलं, एकीत की चारहींत, मला आठवत नाही. चौसष्टावर हवा भरली की मिश्रण सेहेचाळीस टक्क्यांवर जातं. तू दुरुस्त करतेस तो धरणाचा दरवाजा तीस मीटर खाली आहे. तिथे सगळे दाब चौपट. बत्तीसचा ऑक्सिजन सव्वा बारच्या जरा वर राहतो, सेहेचाळीसचा पावणेदोनच्याही पलीकडे जातो. इतक्या दाबाचा ऑक्सिजन म्हणजे विषच. मग झटका येतो आणि तोंडातली नळी सुटते. आधी काही कळत नाही.

मामाला वर आणलं तेव्हा नळी तोंडात नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळ्यांनी मान डोलावली, मी सगळ्यांत आधी. त्या दिवशीही मी घाईतच भरलं होतं. फळ्यावर काय लिहिलं होतं ते अकरा वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. आई अजून त्याच्या फोटोसमोर उभी राहून म्हणते, माझ्या भावाचं काळीजच कच्चं होतं. मी तिथून उठून जातो.

चारही टाक्या न उघडता काकांच्या गाडीत परत ठेव. दुसरीकडून भरून घे आणि स्वतः मोज. बाबांनी भरलंय, हे यापुढे कारण नाही. मी आजपासून भरणं सोडलं. आणि काम संपलं की घरी ये. मामाची टाकी त्या दिवशी कुणी बघायच्या आत मीच उचलून आणली होती. ती कोठारात, जुन्या पोशाखांच्या मागे आहे. अर्धी भरलेली, झडप बंद, त्याच्या हातची बत्तीसची पट्टी अजून तिच्यावर. अकरा वर्षं मी ऑक्सिजन मोजायचं मीटर घेऊन तिच्यापर्यंत जातो आणि परत येतो. ती तू मोज. आकडा काहीही येवो, आधी आईला सांग, मग मला.

तुझाच,
बाबा