परक्या शिवेवरचा वाघ

बा, मी रत्नागिरीला जाऊन आलो. तू गेल्याला इतकी वर्षं झाली आणि तुला कळवायला माझ्याकडे हे एवढंच आहे. लेकीची कॉलेजची सॅक पाठीवर टाकली, तिथल्या एसटी स्टँडजवळ भाड्याने स्कूटर घेतली आणि चार दिवस एकटाच भटकलो. निघताना जव्हारच्या माझ्या गॅरेजमधले मेस्त्री हसले, "शेठ, पन्नाशीत बॅकपॅकिंग?" मीही हसलो. जीप फाटकातून आत येतानाच तिचं काय बिघडलंय ते आवाजावरून सांगतो मी, त्याच्यावरच तर धंदा उभा केला. त्या स्कूटरचा पट्टा घासतोय हे पहिल्याच चढाला ऐकू आलं. पण आपण नेमकं काय शोधतोय, ते मात्र मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तुझ्या बोलण्यातून हाती होतं तरी काय? मुकादमाच्या ट्रकातून तुम्ही आपल्या पोशेऱ्याची माणसं आंब्याच्या बागा राखायला जायचात. बागेत समुद्राचा आवाज यायचा, समुद्र दिसायचा नाही, आणि विहिरीला कठडा नव्हता. एवढ्या खुणांवर मी भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो. मोबाइलमधली बाई दोनदा थेट जेटीवर नेऊन सोडते. टपरीवाल्याला खुणा सांगितल्या, तर तो म्हणतो, "अहो पाव्हणे, समुद्राचा आवाज येत नाही अशी बाग दाखवा, चहा माझ्याकडून."

एका वर्षी तू पावसाळा उलटला तरी आला नव्हतास. आईने एकटीने भात लावला, एकटीने कापायला घेतला. वाघबारस झाली, शिवेवरच्या वाघदेवाला नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवशी तू दारात उभा. आई चुलीपुढून उठली नाही. नागलीची भाकर तुझ्यापुढे सरकवली आणि परत चुलीत फुंकत बसली. मी मधेच बसलेला, कान टवकारून, पण तुला उशीर का झाला ते मला कळलंच नाही. त्याच थंडीत मी खेळता खेळता ओढ्यापलीकडच्या पाड्याच्या हद्दीत मातीचा वाघदेव मांडला, तर तू सणसणीत थोबाडीत दिलीस. "देव आपल्याच शिवेवर मांडायचा! परक्या शिवेवर मांडलास, म्हंजी तठलाच झालास तू. मंग घर इसरायचं." इतकं लांब वाक्य तू माझ्याशी दुसरं कधी बोलला नसशील.

तिसऱ्या दिवशी रस्ता चुकून एका बागेच्या दगडी गडग्यापाशी थांबलो. गडग्याच्या कोपऱ्यात काजूखाली जांभा दगड उभा, शेंदराने माखलेला. वर चंद्र, सूर्य. खाली वाघ, शेपूट पाठीवरून पार डोक्यापर्यंत आलेलं. बा, आपल्या शिवेवरचाच वाघ तो. मी स्कूटर बंद केली तर खरोखरच समुद्र ऐकू येत होता.

बागेतल्या घराच्या अंगणात एक म्हातारी आमसुलं वाळत घालत होती. म्हणाली, "तो आमचा राखणदार हो. आंब्याची पहिली पेटी भरायच्या आधी नारळ देतो त्याला. जव्हारकडचा एक गडी होता बागेत, त्यानं बसवला. पावसाळाभर इथंच राह्यला."

मी विहिरीकडे बघितलं. कठडा होता, पण नवा, सिमेंटचा.

आता मला सांग, मी काय समजू? ट्रकात तुम्ही दहा-पंधरा जण होतात, छिन्नी कुणाच्याही हातची असेल. आणि तुझीच असेल, तर तू तिथला झाला होतास. मग परत का आलास? आईसाठी? आमच्यासाठी? की तिथून तुला कुणी घालवलं म्हणून? मला मारलंस ते माझ्या चुकीबद्दल की तुझ्या? एसटीने घाट चढून परत मोखाड्यात येईपर्यंत मी एकदा हे धरलं, एकदा ते. आई विचारते, "काय पाह्यलास रं तठं?" मी तिला पुळ्याच्या गणपतीचा फोटो दाखवतो.

हे कागद गॅरेजच्या कपाटात जातील, जुन्या आरसी बुकांखाली. तिथं कुणी हात घालत नाही.

एक सांगायचं राहिलं. म्हातारी पुढे म्हणाली होती, "जायचं नव्हतं हो त्याला, पण..." आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. "तुमच्यातलाच का तो?" मी म्हणालो, "नाही हो, आमच्याकडं असं कोणी नव्हतं," आणि तिने पुढचं सांगायच्या आत स्कूटर चालू केली.