'ब' गटातले सहा उंदीर

१२ सप्टेंबर १९५८
सकाळी उंदरांची वजनं. 'अ' गटाला भात-डाळ, 'ब'ला नुसता भात. 'ब'चे सहाही खंगलेत, क्र. ४ची पाठ हाताला टोचते. बी.एस्सी.च्या वर्गातून मला एकट्यालाच या प्रयोगात घेतलंय. प्रयोग चालवणारे डॉक्टरसाहेब वही पाहून म्हणाले, "अक्षर छान आहे. डॉक्टर झालास की बिघडेल." मेडिकलच्या अर्जाला शिफारसपत्र देणार आहेत. माझी दोन वर्षं शाळा बुडालेली, मार्क बेताचे. सगळी भिस्त त्या पत्रावर.

१६ सप्टें.
चौथ. कॉलेज बंद, वजनांना सुट्टी नाही. आईने पुरणाचे कडबू बांधून दिले. "देवाचं वाहन तुझ्या पिंजऱ्यात उपाशी, आणि तू सणाचं जेवणार?" थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "स्वल्प दे रे, थोडंसं, नाहीतर उंदीरमामा परीक्षेत बघून घेतील."
वजनं झाल्यावर 'ब'च्या प्रत्येकाला अर्धा कडबू दिला. क्र. ४ने दोन्ही हातांत धरून खाल्ला. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, हे घरी परतताना जयनगरच्या बसमध्ये बसल्यावर डोक्यात आलं.

१७ सप्टें.
'ब'चे सहाही वर, चार-चार ग्रॅम. तीनदा तोलले. आकडे खरे लिहिले. शेऱ्याचा रकाना कोरा.

१९ सप्टें.
डॉ.सा. खूश. "भात तोच, तरी सहाच्या सहा वाढले. यात काहीतरी आहे." ही वाढ मी टिपली, असं पत्रात घालणार. मी "हो सर" म्हणालो. का म्हणालो...

२० सप्टें.
अण्णाला सांगितलं. "कडबू खाऊन कुणी मेलं का? पत्र हातात पडेपर्यंत गप्प राहा, सरी, बरं का?" आईजवळ बोललो नाही. जेवण गेलं नाही. 'ब' पुन्हा उतरतोय.

२२ सप्टें.
डॉ.सा.ना सांगितलं, उभ्या उभ्याच. त्यांनी वहीतलं सतरा तारखेचं पान काढलं. मग,
"किती दिलास?"
"अर्धा अर्धा."
"तोलून?"
"नाही सर."
"सगळं तोलतोस. तेवढंच राहिलं."
टाइप केलेलं पत्र समोर होतं, सही व्हायची होती. त्यांनी ते खणात ठेवलं. फाडलं नाही. "नवे सहा काढ. पहिल्यापासून."
प्रयोगाला सहा आठवडे लागतात. अर्जाची मुदत तीस तारखेला संपते. पत्राचं विचारायचा धीर झाला नाही. सहा उंदीर निवडले, तोलले, वहीत नवं पान घेतलं.